०.९९९… हे १ पेक्षा किती कमी? गूळ बाजारातून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचा कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाचा व्यापार आहे आणि मुलगी नववीत आहे. आवर्ती दशांशाचं अपूर्णांकात रूपांतर करताना तिने ०.९९९… ही संख्या घेतली आणि उत्तर १ आलं. वडिलांना ते पटत नाही. ते लिहितात, "दहा किलोचा रवा (गुळाची ढेप) तिघांत वाटला की काट्यावर प्रत्येकी ३.३३३ येतं. बेरीज ९.९९९. एक ग्रॅम राहतोच. नऊ कितीही लिहीत जा, एकापर्यंत पोहोचायचं नाही. मग बरोबर एक कसं?" शिवाय मुलगी म्हणते की सम संख्या सगळ्या नैसर्गिक संख्यांइतक्याच आहेत. तेही खरं का, हा दुसरा प्रश्न.

दोन्ही बाबतींत मुलगी बरोबर आहे. पण तुम्ही काट्यावर जे पाहता तेही खरंच आहे. घोळ एवढाच की तुम्ही दोघं एकसारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. म्हणून आधी काट्याचा हिशेब वेगळा काढतो.

काट्यावरचं ३.३३३ म्हणजे ३ किलो ३३३ ग्रॅम. तिसऱ्या दशांश स्थळानंतर काटा थांबतो. या संख्येची तिप्पट ९.९९९ आणि दहातून ती वजा केली की ०.००१ किलो, म्हणजे एक ग्रॅम उरतो. गूळ कुठे गेलेला नाही. प्रत्येक वाटणीतला ग्रॅमचा एक तृतीयांश भाग काट्याने दाखवला नाही, तीन वाटण्यांचा मिळून तो एक ग्रॅम झाला. हिशेबात यावर साधा उपाय आहे: सगळ्या वाटण्या स्वतंत्रपणे राउंड करायच्या नाहीत. दोन वाटण्या ३.३३३ धरायच्या आणि तिसरी एकूणातून वजा करून काढायची, ती ३.३३४ येते. टक्क्यांतही ३३.३३, ३३.३३ आणि ३३.३४. भागीदार जास्त असतील आणि हिस्से असमान असतील, तर सगळ्यांचे हिस्से खालच्या ग्रॅमवर तोडा, किती ग्रॅम उरले ते मोजा आणि ज्यांचा तुटलेला भाग सर्वांत मोठा त्यांच्यापासून सुरुवात करून एकेक ग्रॅम द्या. म्हणजे बेरीज हमखास जुळते.

आता मुलीच्या वहीतली संख्या. तिथे ०.९९९ नंतर तीन ठिपके आहेत, आणि सगळा वाद त्या ठिपक्यांच्या अर्थाचा आहे. बहुतेकांच्या मनात ठिपके म्हणजे "अजून लिहिणं चालू आहे". कुणीतरी बसून नऊ, नऊ, नऊ लिहितोय आणि संख्या हळूहळू वाढत एकाकडे सरकतेय, असं चित्र असतं. त्या चित्रात ती संख्या एकापर्यंत पोहोचत नाही हे उघड आहे. पण संख्या सरकत नसते. ०.९९९… ही रेषेवरची एकच ठरलेली जागा आहे. सरकतात त्या ०.९, ०.९९, ०.९९९ या पायऱ्या. तुमचं "पोहोचत नाही" हे वाक्य प्रत्येक पायरीबद्दल खरं आहे, आणि ०.९९९… ही त्यांतली कुठलीच पायरी नाही. मग ती जागा कोणती?

शाळेत याला दोन उत्तरं देतात. पहिलं: १/३ = ०.३३३…, तिप्पट करा, १ = ०.९९९…. दुसरं मुलीने केलं ते: क्ष = ०.९९९… धरा, मग १०क्ष = ९.९९९…, वजाबाकी केली की ९क्ष = ९, म्हणून क्ष = १. दोन्हींतून आलेलं उत्तर बरोबर आहे. पण ज्याला मनापासून शंका आहे त्याचं समाधान यांनी होत नाही, आणि त्याने हट्ट धरला तर तो हट्ट योग्य आहे असं मी म्हणेन. ज्याला ०.९९९… बद्दल शंका आहे त्याने ०.३३३… बद्दलही तीच शंका घ्यायला हवी: तीन कितीही लिहिले तरी एक तृतीयांश पूर्ण होत नाही. दुसऱ्या युक्तीत न संपणाऱ्या दशांशाला दहाने गुणलं, वजाही केलं. हे करायला परवानगी कुणी दिली?

ही शंका पोकळ नाही हे एका उदाहरणातून दिसतं. आता नऊ डावीकडे न संपता पसरू द्या: ब = …९९९. दहाने गुणा: १०ब = …९९९०. ब मधून १०ब वजा केले की सगळे नऊ कटतात आणि फक्त एककाचा ९ उरतो. म्हणजे −९ब = ९, म्हणून ब = −१. नऊच नऊ मांडून उणे एक! युक्ती तीच, पायऱ्या त्याच, पण आपल्या संख्यारेषेवर …९९९ नावाची जागाच नाही. (गणितात अशा डावीकडे पसरणाऱ्या संख्यांची एक वेगळी, आतून सुसंगत व्यवस्था आहे आणि तिथे हे उत्तर खरंही ठरतं. पण तिथे लहानमोठेपणाचा आपला नेहमीचा क्रम चालत नाही.) तेव्हा "क्ष धरा आणि वजा करा" ही युक्ती एवढंच सांगते: अशी संख्या असेल आणि नेहमीची बेरीज-वजाबाकी तिला लागू असेल, तर ती अमुक आहे. ती संख्या आहे का, हे आधी वेगळं तपासावं लागतं.

हे कसं तपासायचं, ते आपल्याकडे सुमारे पाचशे वर्षांपूर्वी फार नेमकं मांडलं गेलं. केरळचे नीलकंठ सोमयाजी (१४४४–१५४४) यांनी आर्यभटीयावरच्या भाष्यात १/४ + १/१६ + १/६४ + … ही न संपणारी बेरीज घेतली आहे. तिची किंमत १/३. तिथे ते स्वतःच प्रश्न उभा करतात, त्याचा आशय असा: ही बेरीज तेवढीच वाढते, आणि तेवढी वाढतेच, हे कसं कळायचं? एका वाक्यात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही लागतात. ती १/३ च्या पुढे जात नाही, आणि ती १/३ च्या अलीकडे कुठेही अडकत नाही. उत्तरासाठी ते प्रत्येक टप्प्यावर काय उरतं ते पाहतात. १/३ मधून १/४ काढलं की १/१२ उरतं, म्हणजे १/४ चा एक तृतीयांश. त्यातून १/१६ काढलं की १/४८, म्हणजे १/१६ चा एक तृतीयांश. उरलेल्याचं रूप तेच राहतं, फक्त दर टप्प्याला ते चौपट लहान होतं.

हीच रीत ०.९९९… ला लावू. १ मधून ९/१० काढले की १/१० उरतो. त्यातून ९/१०० काढले की १/१००. दहा नऊ लिहिल्यावर १/१०,००,००,००,००० उरतो. हा उरलेला भाग कधीच उणे होत नाही, म्हणून कुठलीही पायरी १ च्या पुढे जात नाही. पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्यासाठी मुद्दाम अशी शंका घ्या की या पायऱ्या १ च्या अलीकडेच कुठेतरी अडकतात, समजा १ पेक्षा एक दशलक्षांश कमी असलेल्या जागेवर, म्हणजे ०.९९९९९९ वर. पण सात नऊ लिहिले की आपण तिच्या पुढे गेलो, कारण आता फक्त एक कोट्यंश उरलाय. एक अब्जांशावर अडकतात म्हणाल तर दहा नऊ घ्या. कितीही बारीक फट सांगा, तिच्याहून बारीक बाकी उरेल इतके नऊ नेहमी मिळतात. १ पेक्षा लहान असलेली प्रत्येक जागा या पायऱ्या कधी ना कधी ओलांडतात, आणि १ ओलांडत नाहीत. अशी जागा रेषेवर एकच आहे. न संपणाऱ्या दशांशाची किंमत म्हणजे हीच जागा, अशी व्याख्या आहे. म्हणून ०.९९९… = १. "जवळजवळ" वगैरे काही नाही, बरोबर १.

इथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला: "फरक ०.०००…१ आहे, अनंत शून्यांनंतर एक." हे लिहिता येतं म्हणून ती संख्या होत नाही. दशांशातल्या प्रत्येक आकड्याला क्रमांक असतो: पहिलं स्थळ, दुसरं, शंभरावं, दहा लाखावं. तो शेवटचा १ कितव्या स्थळावर आहे? क्रमांक सांगितला की त्याआधीची शून्यं मोजकी ठरली, आणि ती संख्या उरलेल्या बाकीपेक्षा मोठी निघाली. क्रमांक सांगता येत नसेल तर त्या १ ला जागाच नाही. दुसरा आक्षेप: "एकाच संख्येची दोन रूपं कशी?" याचं आश्चर्य वाटण्याचं कारण नाही. १/२ आणि ३/६ ही दोन रूपं आपण चौथी-पाचवीपासून चालवतो. महाद्वार रोडच्या कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांकडून दोन दारं असली तर दुकानं दोन होत नाहीत. दशांश हे संख्येकडे जाण्याचं दार आहे.

पालकांना मी एक कृती सुचवतो, कारण ती कागदावर पाच मिनिटांत होते आणि बीजगणित लागत नाही. १ ला १ ने भागा, पण पहिल्या घरात भाग लावायचा नाही, ० लिहायचा. आता १ एकक म्हणजे १० दशांश. १० ला १ ने भागताना १० चा भाग जातो, पण एका घरात १० लिहिता येत नाही, म्हणून ९ लिहा. बाकी १. ती १ म्हणजे १० शतांश. पुन्हा ९, बाकी १. असंच पुढे. भागाकार ०.९९९… येतो, आणि एकाही ठिकाणी खोटा हिशेब झालेला नाही. नेहमीच्या रीतीत बाकी भाजकापेक्षा लहान हवी असा नियम असतो. इथे बाकी भाजकाइतकी राहू दिली, एवढाच बदल. हेच १ ÷ ८ ला करून पाहा. ०.१२ पर्यंत नेहमीसारखं या, बाकी ४, म्हणजे ४०. आता ५ चा भाग लावायच्या ऐवजी ४ चा लावा. बाकी ८. पुढे ८० मध्ये ९ चा भाग, बाकी पुन्हा ८. उत्तर ०.१२४९९९…. म्हणजे ०.१२५ चं दुसरं रूप.

यावरून हेही कळतं की दुसरं रूप कुणाला मिळतं. ज्या भागाकारात कधीतरी बाकी शून्य होते त्यालाच हा फाटा फोडता येतो. अतिसंक्षिप्त रूपात छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर दशांश खंडित होतो, आणि त्या प्रत्येक संख्येला (शून्य सोडून) नऊंची शेपटी असलेलं दुसरं रूप असतं. १/३ ला दुसरं रूप नाही. १/७ लाही नाही: तिथे १, ३, २, ६, ४, ५ या बाक्या ओळीने येतात, मग पुन्हा १, आणि उत्तर ०.१४२८५७ १४२८५७… असं फिरत राहतं. शून्य सोडल्यास सातने भागताना सहाच बाक्या शक्य आहेत, त्यामुळे सहा पायऱ्यांच्या आत पुनरावृत्ती आलीच पाहिजे. १/९७ चं आवर्तन ९६ आकड्यांचं आहे, तरी कारण तेच. आठ-दहा आकडे दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर १/९७ पाहून "हे आवर्ती दिसत नाही" असं मुलं म्हणतात, ते यामुळे.

आणि ३ तसंच ७ वर हा रुसवा कुणाचा? दहाचा. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. तीनच्या पटीत मोजणाऱ्याला एक तृतीयांश म्हणजे सरळ ०.१, आणि त्याच्याकडे १/२ हा ०.१११… असा न संपणारा. संगणक दोनच्या पटीत मोजतो, त्यामुळे त्याला १/१० हीच संख्या आवर्ती आहे: ०.०००११००११००११…. ठरावीक आकड्यांनंतर तो ती तोडतो. म्हणून बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ असं येतं. तुमच्या धंद्यासाठी यातून कामाची गोष्ट: बिलाचं सॉफ्टवेअर करून घेत असाल तर रक्कम पूर्ण पैशांत आणि वजन पूर्ण ग्रॅममध्ये साठवायला सांगा, आणि दशांश चिन्ह फक्त छापताना लावायला सांगा. महिनाअखेरीला एक-दोन पैशांनी न जुळणाऱ्या बेरजांचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

आता दुसरा प्रश्न. सम संख्या नैसर्गिक संख्यांच्या निम्म्या, हे इतकं उघड वाटतं की त्यात तपासायचं काय असं वाटतं. पण "तितक्याच" या शब्दाच्या आपल्याकडे दोन कसोट्या आहेत आणि रोजच्या व्यवहारात त्या कधी भांडत नाहीत. एक: एका ढिगातून काही काढून दुसरा ढीग झाला तर दुसरा लहान. दोन: जोड्या लावून कुणीच उरलं नाही तर दोन्ही सारखे. मोजक्या वस्तूंसाठी दोन्ही कसोट्या एकच उत्तर देतात. अनंत संचांत त्या फुटतात. १ ची जोडी २ शी, २ ची ४ शी, ३ ची ६ शी, न ची २न शी. एकही नैसर्गिक संख्या उरत नाही, एकही सम संख्या उरत नाही. गॅलिलिओने १६३८ मध्ये वर्गसंख्यांबद्दल हेच दाखवलं आणि निष्कर्ष काढला की अनंताला लहान-मोठा-समान हे शब्दच लावू नयेत. जॉर्ज कँटरने १८७० च्या दशकात उलट रस्ता धरला: जोड्यांची कसोटी धरायची आणि ती नेईल तिथे जायचं. आज गणितात "तितक्याच" म्हणजे जोड्यांची कसोटी. म्हणून मुलीचं वाक्य खरं. पण तुम्ही पहिली कसोटी मनात धरून "सम संख्या हा नैसर्गिक संख्यांचा फक्त एक भाग आहे" म्हणालात तर तेही खरंच. कुठली कसोटी धरली ते सांगितल्याशिवाय हा वाद मिटत नाही.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात खहर राशीबद्दल लिहिलं आहे की तिच्यात काही मिळवलं किंवा तिच्यातून काही काढलं तरी ती बदलत नाही. खहर म्हणजे छेदात शून्य असलेली राशी. शून्याने भागून संख्या मिळते असं आज मानत नाहीत, तो भाग सोडून द्या. पण काढून घेतल्यावरही तेवढंच उरणं हा अनंताचा स्वभाव त्यांनी अचूक पकडला होता.

मुलीला गोडी लागली असेल तर तिला पुढची पायरी दाखवा. मला स्वतःला या साऱ्या विषयात ही सर्वांत आवडते, आणि तिच्यात आवर्ती दशांशच कामाला येतो. ० आणि १ च्या मधले सगळे अपूर्णांक एका यादीत मांडता येतात: आधी छेद २, मग ३, मग ४. म्हणजे १/२, १/३, २/३, १/४, ३/४, १/५, २/५ असे. प्रत्येकाला यादीत क्रमांक मिळतो. आता १ मीटरची पट्टी घ्या आणि यादीतल्या पहिल्या अपूर्णांकावर १/१० मीटर लांबीची चिकटपट्टी बसवा, दुसऱ्यावर १/१०० मीटरची, तिसऱ्यावर १/१००० मीटरची. एकही अपूर्णांक उघडा राहत नाही. चिकटपट्टी एकूण किती लागली? ०.१११… मीटर, म्हणजे १/९ मीटर, अकरा-सव्वाअकरा सेंटिमीटर. पट्ट्या एकमेकींवर चढल्या तर त्याहूनही कमी जागा झाकली जाईल. कुठल्याही दोन बिंदूंच्या मध्ये अपूर्णांक असतातच, एवढी त्यांची दाटी आहे, आणि तरीही ते सगळे झाकून मीटरभरातली निदान ८/९ लांबी उघडी राहते. तिथे जे आहे ते सगळं अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकात न लिहिता येणारं. मन म्हणतं की इतक्या दाट बिंदूंवर पट्ट्या चिकटवल्या तर सगळं झाकलंच जाणार. तसं होत नाही, आणि का होत नाही याची काटेकोर सिद्धता बी.एस्सी.ला रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये भेटते. घाई करायची गरज नाही.

अपूर्णांकांची यादी झाली, मग सगळ्या वास्तव संख्यांची का होत नाही? कँटरची १८९१ मधली कर्णाची युक्ती अशी. समजा कुणी ० ते १ मधल्या सगळ्या दशांशांची यादी आणली. पहिल्या संख्येचा पहिला आकडा पाहा, दुसऱ्या संख्येचा दुसरा, तिसऱ्या संख्येचा तिसरा. आकडा ५ असेल तिथे ६ लिहा, ५ नसेल तिथे ५ लिहा. तयार झालेली संख्या यादीतल्या प्रत्येक संख्येपेक्षा निदान एका स्थळी वेगळी आहे, म्हणून ती यादीत नाही.

५ आणि ६ च का? पुष्कळ जण "आकड्यात एक मिळवा, ९ असेल तर ० लिहा" असं शिकवतात, आणि तिथे तुमच्या मुलीचा प्रश्न सिद्धतेत भोक पाडतो. समजा यादीतली पहिली संख्या ०.४९९९… अशी लिहिली आहे आणि पुढच्या प्रत्येक संख्येत कर्णावर ९ आहे. या नियमाने नवी संख्या ०.५००० येईल. आकडे वेगळे आहेत, पण संख्या पहिलीच! फक्त ५ आणि ६ वापरले की नऊंची शेपटी येत नाही, शून्यांची येत नाही, आणि त्या संख्येला दुसरं रूपच राहत नाही. ०.९९९… = १ ही परीक्षेपुरती गंमत नाही. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढच्या सिद्धता चुकतात.

एक सावधगिरी सांगायला हवी, नाहीतर मुलं सगळ्याच न संपणाऱ्या बेरजांना एकाच मापाने मोजू लागतात. लहान लहान होत जाणारे तुकडे मिळवत गेलं की बेरीज कुठेतरी थांबतेच असं नाही. १ + १/२ + १/३ + १/४ + … हिला मर्यादाच नाही: १/३ + १/४ हे अर्ध्याहून जास्त, १/५ ते १/८ मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, असे अर्धे मिळतच राहतात. फक्त ती अतिशय हळू वाढते, १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. कॅल्क्युलेटरवर करून पाहणाऱ्याला ती थांबली असंच वाटेल. आणि अधिक-उणे पदं मिसळली तर क्रमालाही महत्त्व येतं. १ − १/२ + १/३ − १/४ + … ची बेरीज सुमारे ०.६९३. हीच पदं, एकही न गाळता, १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + … अशी लावली की बेरीज बरोबर निम्मी होते, सुमारे ०.३४७. कारण इथली अधिक पदं एकटी घेतली तर अमर्याद वाढतात आणि उणे पदंही तशीच. त्यांतली कुठली किती लवकर वापरता यावर उत्तर ठरतं. ०.९९९… मध्ये सगळी पदं अधिक आहेत आणि बेरीज मर्यादित आहे, म्हणून तिथे क्रम कसाही लावा, १ च येतो. १ + २ + ३ + … = −१/१२ असे व्हिडिओ मुलांच्या मोबाइलवर फिरतात. तिथल्या बरोबरच्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे. नीलकंठांच्या दोन प्रश्नांतला पहिलाच प्रश्न त्या बेरजेला विचारून पाहा: ती कुठल्या संख्येच्या पुढे जात नाही? अशी संख्या नाही.

परीक्षेचं सांगतो. नववीच्या पेपरात "क्ष धरा" हीच रीत लिहायची, गुण तिलाच आहेत. चूक बहुधा कशाने गुणायचं यात होते. आवर्तनात जितके आकडे, दहाचा तितवा घात. ०.२७२७२७… ला १० ने गुणून वजा केलं तर २.४५४५… उरतं, शेपटी कटत नाही. १०० ने गुणलं की ९९क्ष = २७, म्हणून क्ष = ३/११. सुरुवातीला आवर्तनात नसलेले आकडे असतील, उदाहरणार्थ ०.४१६६६…, तर दोन समीकरणं करा: १००क्ष = ४१.६६६… आणि १०००क्ष = ४१६.६६६…. वजाबाकीने ९००क्ष = ३७५, क्ष = ५/१२. शेवटी ५ ला १२ ने भागून पडताळा घ्यायचाच. इथे नऊंची शेपटी आणून काहीही फायदा नाही. १ चं उत्तर १ लिहावं.

आणि तिला वहीच्या मागच्या पानावर १४२८५७ ला ७ ने गुणायला सांगा. उत्तर ९९९९९९ येतं. १/७ च्या दशांशाची सातपट म्हणून ०.९९९९९९… आलं, आणि एक सप्तमांशाची सातपट किती हे तुम्हाला रव्याच्या सात वाटण्या केल्या तरी माहीत आहे. मग तिला ०.२४९९९… कुठल्या खंडित दशांशाचं दुसरं रूप आहे ते विचारा, आणि ० ते १ मधल्या अपूर्णांकांच्या वरच्या यादीत ५/६ चा क्रमांक कितवा येईल तेही. यादी करताना २/४ सारखे पुन्हा आलेले अपूर्णांक गाळायचे, एवढं तिला आधी सांगून ठेवा.